पेटीत सापडलेली अकरा पेनं

मला पेनांचं वेड आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढं आणखी बरंच कबूल करायचं आहे, तेव्हा सुरुवात सोप्या गोष्टीपासून केलेली बरी. वेड शाईच्या पेनांचं, आणि त्यातही जुन्या गाजलेल्या पेनांच्या नव्या आवृत्त्यांचं. म्हणजे असं, की आजोबांच्या काळात एखादं पेन फार नावाजलेलं असतं. मग बॉलपेन येतं, त्या पेनाचा खप पडतो, कारखाना ते बंद करतो. चाळीस-पन्नास वर्षांनी कारखान्याच्या वारसांना जाग येते आणि ते तेच पेन पुन्हा काढतात. घाट तोच, रंग तोच, क्लिपचं वळण तेच. फक्त पोटात शाई भरायची सोय नवी आणि निब कोरी करकरीत.

लोक विचारतात, मग खरं जुनंच का घेत नाही? घेतलं होतं बाप्पा एकदा. आतली रबराची पिशवी वितळून काकवीसारखी झालेली, टोपणाला चीर, आणि निब दुसऱ्याच कुणाच्या हाताला लागलेली. शाईच्या पेनाची निब मालकाच्या हाताप्रमाणे झिजते, मग दुसऱ्यानं धरली की करकर करते. त्या पेनानं मी माझं नाव लिहिलं तर ते एखाद्या वकिलानं रागारागात लिहिल्यासारखं दिसलं. देऊन टाकलं. नव्या आवृत्तीचं तसं नसतं. तिचं रूप आज्याचं आणि तब्येत नातवाची.

मी यवतमाळला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. आमच्या टेबलांवर संगणक आल्यापासून पेन लागतं ते सहीपुरतं. तेवढ्या एका सहीसाठी मी खिशात तीन पेनं घेऊन जातो. बाजूच्या टेबलावरचे लोक हसतात, हसोत. दोन रुपयांचं बॉलपेन दातानं चावून चावून त्याचा ब्रश करणाऱ्यांनी मला हसावं, याचं मला काही वाटत नाही. मात्र घरात तसं चालत नाही. माझी बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिचं अक्षर असं सुरेख, की तिनं खडूनं फळ्यावर तारीख लिहिली तरी पुसू नये वाटतं. ती खडूनं लिहिते आणि मिळेल त्या पेनानं लिहिते. पेन हे जमवायची वस्तू आहे, हेच तिला मुळात पटत नाही.

सातवं पेन घरी आलं त्या दिवशी तिनं मला स्वयंपाकघरात उभं केलं. "माह्या डोक्यावर हात ठेवा," ती म्हणाली. मी ठेवला. "म्हणा, आता एकबी पेन विकत आणणार नाही." मी म्हटलं. मनापासून म्हटलं हो, खोटं कशाला बोलू. त्या क्षणी कुकरची शिट्टी झाली, तीसुद्धा मला साक्षीला असल्यासारखी वाटली.

आणि दोन महिन्यांनी तपकिरी-काळ्या पट्ट्यांचं ते एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, पेन पुन्हा बाजारात आलं. आता बोला! चिंचेच्या जुन्या लाकडासारखे रेषारेषांचे पट्टे, हातात घेतलं की कोमट लागणारं, अंगठ्यानं घासलं की गंधकाचा बारीकसा वास देणारं. मी दोन आठवडे तळमळलो. मग कचेरीच्या पत्त्यावर मागवलं. खोका कपाटात फायलींच्या मागं ठेवला आणि पेन खिशात घालून रविवारी गावी गेलो. आमचं गाव नेरपासून जवळ आहे. तिथं थोडीशी शेती आहे, धाकटा भाऊ ती पाहतो, आणि माय त्याच्याकडेच राहते. संध्याकाळी परत आलो तर बायकोची नजर सरळ खिशावर.

"हे कुठलं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबांचं. गावच्या पेटीत सापडलं."

खरं सांगतो, हे आधी ठरवलेलं नव्हतं. पण जुन्या पेनाच्या नव्या आवृत्तीत ही एक सोय आहेच, की ते जुनं म्हणून खपतं. बायकोनं ते पेन दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. माझे वडील आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी वारले. तिनं त्यांना पाहिलेलं नाही, आणि मीही त्यांच्याबद्दल कधी फार बोललो नव्हतो. बाबा गावचे पोस्टमास्तर होते, घराच्या ओसरीत एका टेबलावर पोस्ट चालायचं, एवढंच तिला ठाऊक.

"सांगा ना, कोणतं पेन हे?" ती समोर बसली.

आता पेन दाखवलं म्हटल्यावर गोष्ट पाहिजेच. मी सांगितलं, की गावात वीज यावी म्हणून बाबांनी याच पेनानं अर्जावर अर्ज लिहिले. ती ऐकत राहिली. भाजी लागली तरी उठली नाही.

मग काय, पेटी उघडीच राहिली. तीन वर्षांत त्या पेटीत अकरा पेनं सापडली. मायसमोर नि भावासमोर पेनांचा विषय काढू नको, त्यांना बाबांची आठवण येऊन त्रास होतो, असंही मी बायकोला बजावून ठेवलं. निळं सापडलं, लाल सापडलं, हस्तिदंती रंगाचं सापडलं, हिरव्या संगमरवरासारखं सोनेरी कड्याचं सापडलं. दर पेनासोबत एक गोष्ट. बाबांनी एका विधवेचं पेन्शन मिळवून दिलं ते लाल पेन. पुरात टपालाची पिशवी डोक्यावर धरून नदी ओलांडली तेव्हा खिशात होतं ते निळं. पोस्टाच्या साहेबानं प्रामाणिकपणाबद्दल भेट दिलं ते हिरवं. आमच्या गावाला पूर येईल एवढी नदीच नाही, ओढा आहे, पण बायको अमरावतीकडची, तिला काय माहीत. गोष्टी सांगता सांगता बाबा एवढे थोर झाले, की कधीकधी मलाच त्यांचा धाक वाटायचा.

यातला सर्वांत वाईट भाग पेनं जुनी करण्याचा. कोरं करकरीत पेन पेटीत सापडलं म्हणून कसं दाखवणार? मी ते आठवडाभर किल्ल्यांच्या जुडग्यासोबत पँटच्या खिशात ठेवायचो. कड्याला राख चोळायचो. कचेरीत दार लोटून टोपणावर टाचणीनं एक-दोन ओरखडे काढायचो. ज्यानं आयुष्यात एखादं पेन जिवापाड जपलंय, त्यालाच कळेल, की आपल्याच हातानं आपल्या नव्या पेनावर ओरखडा काढणं म्हणजे काय असतं. हिरव्याच्या वेळी तर मी डोळे मिटून घेतले होते.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष घरी आले. आमच्या गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथले हे. एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आणि आता वाचनालय चालवतात. गावात सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, कारण दुपारभर पुस्तकांत बसलेले असतात. ते सांगायला आले होते, की वाचनालयाला नवी खोली मिळाली आहे आणि तिथं पोस्टमास्तरांचा, म्हणजे माझ्या बाबांचा, फोटो लावायचा ठरला आहे.

मला बरं वाटलं. बायकोला त्याहून. ती आत गेली आणि चहाच्या ट्रेसोबत दुसरा ट्रे घेऊन आली. त्यात पांढऱ्या रुमालावर अकरा पेनं मांडलेली.

"मामंजींची पेनं," ती म्हणाली.

मास्तरांनी चष्मा पुसला. एक एक पेन पाहिलं. हिरव्यावर आल्यावर त्यांचा हात थांबला. "हेच," ते म्हणाले. "हेच ते पेन! याच पेनानं पोस्टमास्तरायनं माह्या नोकरीचा अर्ज लिवून देल्ला. हे सोनेरी कडं मले आठवते!"

ते पेन सात महिन्यांपूर्वी कुरियरनं आलं होतं. मी चहाचा घोट घेत होतो, तो नाकात गेला.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंग ही पेनं गावातच राह्यली पाहिजेत," ती म्हणाली. "वाचनालयात काचेच्या कपाटात ठेवा. फोटोखाली." आणि माझ्याकडे वळून, "काय म्हणता?"

मी काय म्हणणार? मी खोकत होतो. दोघांनी त्याला होकार समजून घेतलं.

त्यानंतरचे आठ दिवस माझे कसे गेले, माझं मला माहीत. न बोलावं तर पेनं जातात. बोलावं तर बायकोचा विश्वास जातो, आणि डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ वर. पेनांचं दुःख नव्हतं असं म्हणणार नाही, होतंच. पण ती जेवताना, पोळ्या लाटताना, शाळेतून आल्या आल्या मामंजी मामंजी करायची, ते ऐकून घास उतरत नव्हता. मी वाटा शोधून पाहिल्या. म्हटलं, कपाटात ठेवली तर निबा सुकतात. म्हटलं, पेनांचे मोठे फोटो काढून देऊ. म्हटलं, वाचनालयात उंदीर असतात.

"उंदीर पेन खातेत?" तिनं विचारलं. "काहून असे करून राह्यले? तुमचे वडील होते का माहे?"

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी एकटाच गावी गेलो. मायला गाठणं भाग होतं, कारण ओसरीतल्या त्या टेबलाशेजारी जन्म काढलेली तीच एक उरली होती. माय अंगणात कापसाच्या वाती वळत बसली होती. मी सगळं सांगितलं. पेनं, शपथ, पेटी, गोष्टी, पूर. माय वाती खाली ठेवून जी हसायला लागली ती थांबेना.

"त्यायच्या खिशात शाईचं पेन?" ती म्हणाली. "अरे, लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यायच्या पांढऱ्या सदऱ्यावर शाई गळली. तवापासून त्यायनं शाईच्या पेनाले हात नाई लावला. अन् तू अकरा पेनं खोसले त्यायच्या खिशात!"

"हळू बोल ना माय."

"कायले हळू बोलू? म्या पेनं आणली का?"

"उद्या कोणी विचारलं तर फक्त हो म्हण. माझ्यासाठी."

माय गंभीर झाली. वाती पुन्हा हातात घेतल्या. "म्या खोटं बोलणार नाई त्यायच्याबद्दल. पुसलं त सांगीन. नाई पुसलं त चूप राहीन. तू तुयं पाय."

म्हणजे माझं सगळं भवितव्य आता गावातला कोणी माझ्या मायला काही विचारतो की नाही, यावर येऊन ठेपलं. आमच्या गावात लोक म्हशीलासुद्धा दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढं जात नाहीत.

रविवारी सकाळी मी आणि बायको गाडीवर निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, वेचणी चालली होती, तुरी पिवळ्या झाल्या होत्या. बायको मागं बसून गुणगुणत होती. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात पेनं. मला रस्ता संपू नये असं वाटत होतं.

वाचनालयाच्या खोलीसमोर मांडव, खुर्च्या, माइक. भिंतीवर बाबांचा फोटो, त्याखाली काचेचं कपाट, कपाटात लाल कापड. बायकोनं पेनं ओळीनं मांडली. मग पर्समधून पुठ्ठ्याच्या अकरा चिठ्ठ्या काढल्या आणि दर पेनापुढं एक ठेवली. मी वाकून वाचलं आणि माझे कान गरम झाले. माझ्या सगळ्या गोष्टी होत्या त्या. वीज, पेन्शन, पूर. तिच्या त्या सुरेख अक्षरात, काळ्या शाईनं, एकही खाडाखोड नाही. माझ्याच थापा मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या देखण्या पाहिल्या, आणि मला रडू यायचं बाकी राहिलं.

हार झाले, नारळ झाले. मग मास्तर बोलायला उभे राहिले. त्यांनी त्या अर्जाचं सांगितलं. तांड्यावरून धावत आले होते, शेवटचा दिवस होता, पायात चप्पल नव्हती. बाबांनी अर्ज लिहून दिला आणि म्हणाले, सही तू कर, अंगठा उठवू नको, येते तुला. "माही पह्यली सही," मास्तर म्हणाले, "याच पेनानं." त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं आणि चष्मा काढून पुसला.  पहिल्या रांगेत बायको पदर डोळ्यांना लावून बसली होती.

आणि मग त्यांनी स्वतःला सावरलं आणि माइकमध्ये म्हणाले, "आता आपली याडी दोन शब्द सांगन." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. ते माझ्या मायला याडीच म्हणतात. "याडी, सांग, यातलं कोणतं पेन पोस्टमास्तरायच्या जास्त आवडीचं होतं?"

झालं! पुसलं.

माय उठली. गुडघ्यांवर हात टेकत माइककडे निघाली. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. ऐंशी वर्षांच्या बाईला मुलाची लाज झाकायचं काम भर मांडवात करावं लागतंय, एवढंच होतं. मला ते सहन झालं नाही. मी उठलो, तिच्या आधी माइकपाशी पोचलो.

"ही पेनं बाबांची नाहीत," मी म्हटलं. "माझी आहेत. मी विकत आणली. यातलं सगळ्यात जुनं तीन वर्षांचं आहे. चिठ्ठ्यांवर लिहिलंय ते सगळं मी बनवून सांगितलेलं आहे. माझ्या बायकोचा यात काही दोष नाही. तिला मी फसवलं."

 मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि दाबून टाकलं. बायकोकडे पाहायची माझी हिंमत नव्हती. मास्तर कपाटापाशी उभे होते. ते हिरव्या पेनाकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलायला पाहिजेच होते.

"मंग त्यायचं कोणतं होतं जी?" त्यांनी विचारलं. अगदी साधं, मुलानं विचारावं तसं.

मला उत्तर माहीत होतं.  तेवढ्यात मायनं माझ्या हातातून माइक घेतला.

"बॉलपेन," माय म्हणाली. "टेबलाले दोरीनं बांधेल. लोकं घेऊन जायेत म्हणून."

 आणि मग मांडव फुटलाच. "दोरी! हो हो, दोरी!" चारी बाजूंनी लोक ओरडायला लागले. दोरी एवढी आखूड होती, की मनीऑर्डर घेताना प्रत्येकाला टेबलावर ओणवं व्हावं लागायचं. एकाचा फेटा दर वेळी शाईच्या गादीत पडायचा. एक म्हातारी सही करताना दोरी ओढायची तर टेबल तिच्याकडे सरकायचं आणि बाबा दुसऱ्या बाजूनं टेबल धरून बसायचे. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! म्या ओणवा झाल्तो! पाठीत उसण भरली होती, तरी ओणवा झाल्तो! अन् पोस्टमास्तर म्हणे, वाक जरा, नोकरी पाहिजे ना?" ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कार्यक्रम पत्रिकेप्रमाणे काही झालाच नाही. आलूबोंडे थंड झाले तरी लोक उठून एकेक सांगत होते, माय माइक सोडायला तयार नव्हती, आणि बाबा फोटोतून नेहमीप्रमाणे कोणीतरी रांग मोडल्यासारखे पाहत होते.

बायकोनं तेवढ्यात कपाटातली पेनं डब्यात भरली. अकरा चिठ्ठ्या एकावर एक ठेवून पर्समध्ये घातल्या. 

परतीला नेरपर्यंत ती मागं बसून गप्प होती. गाडीवर मागचं माणूस गप्प असलं की पाठीला कळतं. नेरच्या बसस्टँडपाशी ती म्हणाली, "थांबवा." टपरीसमोरच्या बाकड्यावर आम्ही बसलो. चहा आला.

"शपथ मोडली, त्याचं मी घरी पाहते," ती म्हणाली. "पेनंबी मरू द्या. त्या गोष्टी?"

मी चहा फुंकायला लागलो.

"साऱ्याच खोट्या?"

"साऱ्या."

तिचा चेहरा असा उतरला, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "म्या वर्गात सांगतल्या त्या पोरायले," ती म्हणाली. "मले वाटे, न पाहता का होईना, मी मामंजीले ओळखाले लागली. आता कोण ते, मले काहीच माहीत नाही." चहा तसाच ठेवून ती समोर लागलेल्या बसकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "एक तरी खरी सांगा. चांगली नसली तरी चालन."

मी म्हटलं, "ती इथलीच आहे."

आणि सांगितली. कुणालाच सांगितली नव्हती. मी कॉलेजसाठी यवतमाळला निघालो त्या सकाळी बाबांनी ब्लेडनं टेबलाची दोरी कापली आणि ते बॉलपेन माझ्या खिशाला लावलं. "तुला लागेल," एवढंच म्हणाले. दुसरं पेन घरात नव्हतं. पेनाच्या मागच्या टोकाला दोरीची गाठ तशीच राहिली होती, बोटभर शेपूट लोंबत होतं. मला त्याची एवढी लाज वाटली! कॉलेजात पोरं सोनेरी क्लिपची शाईची पेनं लावून येणार आणि मी हे शेपूट घेऊन बसणार. इथं, या स्टँडवर, बस बदलताना मी ते पेन उभ्या असलेल्या बसखाली फेकून दिलं.

पंधरा दिवसांनी बाबांचं कार्ड आलं. शेवटी लिहिलं होतं, पेन चालते का? मी उलट टपाली लिहिलं, चांगलं चालते, त्यानेच लिहीत आहे. ते पत्र मी खोलीतल्या मित्राच्या पेनानं लिहिलं होतं. शाईच्या. निळ्या शाईच्या.

"बाप्पा," बायको म्हणाली.

"पोस्टमास्तर होते ते," मी म्हटलं. "जन्मभर दुसऱ्यांची पत्रं हाताळली. शाई कोणती आणि बॉलपेन कोणतं, हे त्यांना पाकिटावरून कळायचं."

"मंग काय म्हणाले?"

"काही नाही. दिवाळीत घरी गेलो तर टेबलाला नवं बॉलपेन होतं, नवी दोरी होती. मी निघालो तेव्हा माझ्या पिशवीत काहीतरी जड लागलं. इथं येऊन पाहिलं. शाईची दौत होती. फुटू नये म्हणून त्यांच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलेली. ज्याला शाई गळलेली होती, त्याच." मी उरलेला चहा एका घोटात संपवला. "आम्ही त्यावर कधीच बोललो नाही. मग ते गेले."

बायकोनं डोळे पुसले. टपरीवाल्याकडे पाहून दोन बोटं दाखवली, आणखी दोन चहा. डबा मांडीवरून उचलून माझ्याकडे सरकवला.

"हे मामंजी," ती म्हणाली. "आता दुसरी सांगा."

मी सांगायला लागलो. दुसरी सांगितली, तिसरी सांगितली. यवतमाळच्या रस्त्यावर गाडी चालवताना मान मागं वळवून वळवून सांगत होतो आणि ती, "समोर पाहा जी, समोर!" म्हणून ओरडत होती. घरी पोचेपर्यंत तिनं मला गप्प बसू दिलं नाही, आणि एकही गोष्ट बनवावी लागली नाही.